भाऊसाहेबांचं काळजीवाहू सरकार

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यापासून कितीतरी सरकारं आली आणि गेली, पण हे राज्य खऱ्या अर्थानं चालवत होते ते माझ्या समोरच्या दारात राहणारे भाऊसाहेब, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मंत्रालयाला याची कल्पना नव्हती, एवढंच. आमच्या भागात महसूल खात्यातल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात आणि तहसीलदाराला रावसाहेब. आमचे भाऊसाहेब आधी कर्जतच्या आणि मग बरीच वर्षं खालापूरच्या तहसील कचेरीत होते आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. रावसाहेब व्हायचं राहिलं याची त्यांना खंत नव्हती. "रावसाहेब येतात आणि बदलून जातात," ते म्हणत, "दप्तर जागेवर राहतं. मी पहिल्यापासून दप्तराच्या बाजूचा." मी कर्जतच्याच शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, जराशी तापट बाई. राज्यपाल, विधानसभा, विधान परिषद हे सगळं मी पोरांकडून घोकून घेतलेलं. पण माझं पाठ्यपुस्तक भाऊसाहेबांच्या लेखी परीकथेच्या पुस्तकाच्या वर नव्हतं. एकदा त्यांनी ते वाचायला नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणून दिलं. "बाई, यात राज्यपाल सही करतात असं लिहिलंय. पण सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं बारीकशी फुली कोण मारून ठेवतो, ते दिलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग पुस्तक अपूर्ण आहे," असं म्हणून ते घरात गेले आणि पुस्तक परत केल्याची त्यांनी जावक वहीत नोंद केली.

ही जावक वही आणि तिची थोरली बहीण आवक वही त्यांच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर असत. घरात येणारी प्रत्येक गोष्ट पहिल्या वहीत आणि बाहेर जाणारी दुसऱ्या वहीत चढायची. लग्नपत्रिका, विजेचं बिल, मुलीचं पत्र इथवर मी समजू शकते. पण मी अळूवड्या पाठवल्या तरी त्यांना क्रमांक पडायचा. 'अळूवडी, बंद वाटीत, समोरील घराकडून.' दोन दिवसांनी वाटी परत यायची ती रिकामी नाही, वहिनींनी त्यात चार करंज्या नाहीतर चमचाभर लोणचं घातलेलं असायचं, आणि सोबत चिठ्ठी असायची, 'आपल्या दि. अमुकच्या वाटीस अनुसरून'. मी ती चिठ्ठी फाडून टाकायची. पुढे पुढे फाडेनाशी झाले.

त्यांच्या आठवणींना तारखा नव्हत्या, सरकारं होती. लग्न कधी झालं असं विचारलं तर म्हणत, "जुनं मंत्रिमंडळ गेलं होतं आणि नव्याचं खातेवाटप व्हायचं होतं, त्या मधल्या आठवड्यात. म्हणून तर रजा मंजूर झाली." मुलगी जन्मली तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, पुढे ते रायगड झालं. भाऊसाहेब मोठ्या कौतुकानं सांगत, "पोर कुलाबा जिल्ह्यात जन्मली आणि रायगड जिल्ह्यात रांगायला लागली. पाळणा मात्र जागचा हलला नाही." घरातला फ्रीज राष्ट्रपती राजवटीत घेतलेला होता. वहिनी म्हणत, म्हणूनच तो कुणाचं ऐकत नाही. शपथविधी टीव्हीवर असला की भाऊसाहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टीव्हीसमोर उभे राहायचे आणि मी आलेली असले तर मलाही उभं करायचे. कोणत्या पक्षाचा शपथविधी आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना पक्ष विचारला की ते "शासन" म्हणत. मधल्या काही वर्षांत आपल्याकडे शपथविधींची अशी काही लयलूट झाली की सरकार डळमळतंय ही बातमी आमच्या चौकात सर्वात आधी इस्त्रीवाल्याला कळू लागली. एकदा तर भल्या सकाळीच शपथविधी उरकला गेला. त्या वेळी भाऊसाहेब बनियनवर दात घासत होते. हे सरकार टिकायचं नाही हे त्यांनी मला तिथल्या तिथे, तोंडात फेस असताना सांगितलं. "शर्ट घालायलासुद्धा वेळ दिला नाही," हे त्यांचं कारण. सरकार टिकलं नाही, आणि त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाऊ लागला.

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत हे आमच्याकडच्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, पण टपालाला ते कधीकधी ठाऊक नसतं. एक कर्जत आमचं, जिथं पावसाळ्यात गोधड्या वाळत नाहीत, आणि दुसरं तिकडे घाटावरचं, कोरडं. भाऊसाहेब कर्जतच्या कचेरीत असताना कुठूनसं एक परिपत्रक आलं की तालुक्यातल्या चारा छावण्यांचा अहवाल तातडीनं पाठवावा. बाहेर उल्हास नदी पुलाला लागलेली, कचेरीत बादल्या ठेवलेल्या. बाकीचे हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी रीतसर तक्ता आखला, छावण्यांची संख्या निरंक, जनावरांची संख्या निरंक, असे सगळे रकाने भरले आणि शेऱ्यात लिहिलं, 'सध्या तालुक्यात जनावरे पोहत आहेत.' निरंक म्हणजे शून्य, पण शून्यापेक्षा मान असलेला शब्द, असं ते मला समजावून सांगत. "शून्य लिहिलं की वाटतं कुणी मोजलंच नाही. निरंक म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं."

अशा शब्दांची त्यांच्याकडे पोतडी होती. उल्हासच्या काठानं आम्ही तिघं, ते, वहिनी आणि मी, संध्याकाळी फिरायला जात असू तेव्हा ती सुटायची. "सरकार कधी 'नाही' असं लिहीत नाही, बाई. तीस वर्षं तुम्ही पोरांना काय शिकवलंत कोण जाणे. सरकार लिहितं, 'बाब विचाराधीन आहे.' त्याचा अर्थ मनात आहे, पण हातात नाही." वहिनी मागून म्हणाल्या, "माझ्या सोन्याच्या पाटल्या पण विचाराधीनच आहेत हो, बाई." आणि भाऊसाहेबांनी चालण्याचा वेग वाढवला.

वहिनी भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीत वाढलेल्या. भोंगा झाला की माणसं कामावरून घरी येतात, एवढं साधं गणित त्यांना माहेरी शिकवलेलं. इथं माणूस घरी यायचा आणि कचेरी त्याच्या मागोमाग यायची. घरातला कोणताही निर्णय भाऊसाहेब तोंडी घेत नसत. टिप्पणी लिहीत. वर विषय, मग पार्श्वभूमी, मग प्रस्ताव, शेवटी 'आदेशार्थ सादर', आणि डावीकडे रुंद समास सोडलेला. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. लोक कौतुकानं बायकोला गृहमंत्री म्हणतात, ते भाऊसाहेबांना चालत नसे. मंत्री बदलतात. वहिनी त्यांच्या कागदोपत्री 'सक्षम प्राधिकारी' होत्या. टिप्पणी ओट्यावर डब्याखाली ठेवली जायची, वहिनी पोळ्या झाल्यावर ती वाचून त्यावर काहीतरी लिहायच्या, आणि थोड्या वेळानं भाऊसाहेब खुर्ची ओढून स्वयंपाकघरात जाऊन बसलेले दिसायचे. तिथून दोघांचे आवाज येत राहायचे. मला वाटायचं, या माणसाला सरळ काही करताच येत नाही. दारातून जाताना मी दोनचार वेळा तसं बोलूनही दाखवलं.

या घरात दर मंगळवारी एक अभ्यागत यायचे, लोधिवलीचे आबा. त्यांच्या सातबाऱ्यावर बापाच्या जागी चुलत्याचं नाव लागलं होतं आणि ते दुरुस्त व्हावं म्हणून आबांनी दर मंगळवारी येऊन खालापूरच्या कचेरीचा उंबरठा काही वर्षं झिजवला. शेवटी भाऊसाहेबांनी जुनं दप्तर उपसून ते नाव सुधारून दिलं. पुढच्या मंगळवारी आबा पुन्हा बाकावर हजर. "आबा, काम झालं ना तुमचं?" भाऊसाहेबांनी विचारलं. आबा म्हणाले, "झालं वो भाऊसायब. पन मंगळवारी आता घरी करमत नाय. म्हातारी गेली, पोरं बोलत नाय. बसू का घटकाभर?" भाऊसाहेबांनी त्यांना टेबलाशी बसवलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'अभ्यागत एक. विषय: चर्चा.' निवृत्तीनंतर आबांनी पत्ता शोधून काढला आणि लोधिवलीजवळच्या चौक गावाहून एस्टी पकडून मंगळवारी ते कर्जतला यायला लागले. दोघं समोरासमोर बसत, चहा घेत, आणि चर्चा म्हणावी तर तासाभरात चार वाक्यं होत. त्यातलं एक पावसाबद्दल असे.

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. आठ दिवस ताप आला आणि गेल्या. मला अजूनही त्यांच्या दारातून जाताना फोडणीचा वास येतो असं वाटतं, आणि मग राग येतो, कुणाचा ते कळत नाही. चौदाव्या दिवशी मी भाऊसाहेबांना म्हटलं, पडदे धुवायला काढूया, घर जरा उजळेल. ते म्हणाले, "नाही बाई. आता इथं काळजीवाहू सरकार आहे. काळजीवाहू सरकारला दैनंदिन कामकाज बघता येतं. धोरणात्मक निर्णय घेता येत नाहीत." मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण ते त्यांनी पाळलं. दूध आणणं, दिवा गेला तर बदलणं, हे दैनंदिन कामकाज. पडदे, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर, वहिनींचं शिलाई मशीन, डब्यांची जागा, ही धोरणं. त्यांना हात लागला नाही. भिंतीवर वहिनींचा शेवटचा महिना तसाच लटकून राहिला. शेवटी माझ्यातली नागरिकशास्त्राची बाई जागी झाली. मी म्हटलं, "भाऊसाहेब, काळजीवाहू सरकार असं वर्षानुवर्षं चालत नाही. घटनेत बसत नाही." ते म्हणाले, "पुस्तकात बसत नसेल. कारभारात बसतं."

एकदा मी त्यांच्याकडे साखर द्यायला गेले तेव्हा चपलांच्या कपाटावर तिसरी वही दिसली. अभ्यागत नोंदवही. मंगळवार सोडले तर पानंच्या पानं एकच शब्द, त्यांच्या ठसठशीत अक्षरात, 'निरंक, निरंक, निरंक.' मोजलं आणि कुणी नव्हतं. त्या दिवसापासून मी संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून पाच मिनिटं जायला लागले. मी एकटी राहणारी बाई, माझ्या दाराशी तरी कोणाची रीघ लागली होती. पण माझ्याकडे वही नव्हती, म्हणून मला ते कधी दिसलं नव्हतं.

मग एके दिवशी भाऊसाहेब पांढरा शर्ट घालून माझ्या दारात उभे. हातात आदेश. एखादं पद रिक्त झालं आणि तिथे कुणाची नेमणूक होत नसेल, तर जवळच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडे त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार देता येतो, अशी तरतूद त्यांना सापडली होती. समोरचं घर म्हणजे जवळचं कार्यालय. "घरातल्या टिप्पण्यांवर तुम्ही निर्णय द्यायचा. मूळ पद तुमचं नाही. फक्त अतिरिक्त कार्यभार," त्यांनी बजावलं. मी लाजले की काय मला सांगता येणार नाही, पण मी तो आदेश घेतला आणि त्यांनी आणलेल्या दुसऱ्या प्रतीवर, फुलीच्या जागी, पोहोच म्हणून सही केली.

आता माझी सवय सांगते. मी चाळीस वह्या तासाभरात तपासणारी बाई. शिक्षकांच्या खोलीत माझ्या टेबलावर गठ्ठा कधी राहिला नाही, याचा मला अभिमान होता आणि तो मी इतरांना ऐकवत असे. पहिली टिप्पणी आली. विषय, पडदे धुण्याबाबत. मी दारातच वाचली, लाल पेनानं समासात 'मान्य' लिहिलं, फुलीवर सही केली आणि कागद परत दिला. भाऊसाहेब कागद हातात घेऊन उभेच राहिले. "काही त्रुटी वगैरे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, छान आहे. "एखादा मुद्दा स्पष्ट करून हवा असेल तर मी बसतो." मी म्हटलं, नको हो, कळलं सगळं. ते परत गेले. पडदे धुतले गेले, कॅलेंडर बदललं, शिलाई मशीनवर अभ्रा चढला. एकामागून एक अकरा टिप्पण्या आल्या आणि अकरांवर मी उभ्या उभ्या मान्य लिहिलं. मला वाटत होतं, मी त्यांना मोकळं करते आहे. स्वतःवर बेहद्द खूश होते मी.

त्यांची मुलगी नागपूरला असते. भाऊसाहेबांचं नागपूरबद्दल एक ठाम मत होतं. दर हिवाळ्यात अधिवेशन नागपूरला भरलं की ते म्हणायचे, "नागपूरला सरकार जातं ते परत यायला. फायली गठ्ठे बांधून नेतात आणि तशाच परत आणतात. राहायला कुणी जात नाही." मुलगी आईच्या मागे त्यांना तिकडे बोलावत होती आणि हे विचाराधीन म्हणत होते. मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांना उल्हासच्या पुलावर चक्कर आली. एका रिक्षावाल्यानं त्यांना आणून सोडलं. तो मला म्हणाला, "बाई, मी म्हनलं डायरेक दवाखान्यात नेतो, तर भाऊसाहेब म्हनाले, आधी घरी सांगितलं पायजे. घरी कोन हाय विचारलं, तर तुमचं दार दाखवलं." मी त्याला पाणी दिलं आणि भाऊसाहेबांना खूप बोलले, काठी का नेली नाही, नाश्ता का केला नाही. त्यांनी माझं दार दाखवलं होतं, हे मात्र मी तिथं उंबऱ्यातच सोडलं. त्या संध्याकाळी मुलीचा मला फोन आला. "मावशी, मी इथून किती धावू. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील ते." ती रडत होती. मी सांगते म्हटलं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी फाइल आणली. या वेळी साधा कागद नव्हता, लाल फितीनं बांधलेली फाइल होती. विषय, नागपूर येथे कायमस्वरूपी स्थलांतराबाबत. अडीच पानांची टिप्पणी. पर्याय एक, नागपूर. मुलगी, जावई, नातवंडं, जवळ चांगले डॉक्टर. पर्याय दोन, कर्जत. त्याखाली लिहिलं होतं, 'हवा परिचयाची. मंगळवारची चर्चा चालू. समोरील कार्यालयाशी समन्वय उत्तम.' ते शेवटचं वाक्य वाचून मी हसले. मी मनाशी म्हटलं, बाई, तू कोण? अतिरिक्त कार्यभार. पोरगी तिकडे रडतेय, उद्या पुन्हा पुलावर पडले तर तू एकटी काय करणार आहेस? आपल्याला बोलायला माणूस हवं म्हणून म्हाताऱ्या माणसाला अडकवून ठेवायचं का? मी सही कुठे करायची ते शोधलं. नेहमीची फुली दिसेना. विसरले असतील म्हणून मी पर्याय एकच्या खाली मोकळी जागा पाहून 'मान्य' लिहिलं, सही केली आणि तारीख घातली.

भाऊसाहेबांनी तो शब्द वाचला. "इतक्या लवकर?" ते म्हणाले.

"माझ्याकडे फाइल तुंबत नाही, तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच शाळेतला वाटला.

"हो. ते खरं आहे," असं म्हणून त्यांनी फीत बांधली. ती बांधायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. "आदेश निघाला म्हणजे अंमलबजावणी करावी लागते."

डिसेंबरात जावई न्यायला आले. इमारतीतले लोक हसत म्हणाले, भाऊसाहेब हिवाळी अधिवेशनाला निघाले. भाऊसाहेबही हसले. निघण्याआधी त्यांनी माझ्याकडे रीतसर कार्यभार सोपवला. घराची किल्ली, तीन वह्या, वहिनींच्या फायलींचं कपाट, कुंड्या सात, त्यातली एक आजारी. यादीवर मी सही केली. तिथे फुली होती. रिक्षात बसताना ते म्हणाले, "बाई, वह्या बंद करू नका. एकदा खंड पडला की मागचं सगळं संशयास्पद होतं." मी बरं म्हटलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तो कोणाच्या शपथविधीसाठी, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

नागपूरचं अधिवेशन संपलं. सरकार परत आलं, फायली परत आल्या. मंगळवारी आबा आले. मधले पाचसहा मंगळवार ते पाय सुजल्यामुळे घरीच होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. कुलूप पाहून त्यांनी माझं दार वाजवलं. मी त्यांना आत घेतलं आणि सांगितलं, भाऊसाहेब नागपूरला मुलीकडे गेले, आता तिथेच राहतील. आबांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तुमाला इचारलंन होतं का त्यांनी?"

"विचारलं होतं. लेखी विचारलं होतं."

"मंग तुमी काय म्हनालात?"

मी सांगितलं, हो म्हणाले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. "जाऊ नका, असं कोनतरी म्हनावं, म्हनून इचारतो वो मानूस. जायाचं असंल तर तो इचारीत नाय, जातो," ते म्हणाले, आणि त्यांनी चहा न घेता काठी उचलली.

ते गेल्यावर मी समोरचं दार उघडून वहिनींच्या फायलींचं कपाट उघडलं. दोघांच्या संसाराच्या सगळ्या टिप्पण्या तिथं वर्षवार लावलेल्या होत्या. मिक्सर घेण्याबाबत. मुलीला सायकल देण्याबाबत. गणपतीला माहेरी किती दिवस जावे याबाबत. सगळ्या कागदांवर भाऊसाहेबांची फुली होती आणि सगळ्या समासांत वहिनींच्या बारीक, कललेल्या अक्षरात एकच शेरा होता, 'चर्चा करावी.' एका चतकोर कागदावर भाऊसाहेबांनी लिहिलं होतं, 'साखर संपली आहे. आणावी किंवा कसे?' त्यावरही लिहिलेलं होतं, 'चर्चा करावी.' त्या कागदावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. मी खुर्चीत बसले. स्वयंपाकघरातून येणारे ते आवाज मला इतकी वर्षं दारातून जाता येता ऐकू आले होते आणि मी म्हणत होते, या माणसाला सरळ काही करता येत नाही. कपाटात सगळ्यात वर माझी फाइल होती. लाल शाईतले अकरा मान्य, आणि बारावा, ज्याच्या शेजारी फुली नव्हती. आयुष्यभर फुल्या मारणारा माणूस फुली विसरत नाही. त्यांनी जागा मोकळी सोडली होती, मी सही न करता 'बसा' म्हणावं म्हणून. आणि मी पेपर तपासला.

जानेवारीत मी त्यांना पत्र पाठवलं. फोनवर मला ते बोलता आलं नसतं, आणि फोन आवक वहीत चढत नाही. विषय, संदर्भ, सगळं व्यवस्थित घातलं. मजकूर असा: 'उपरोक्त आदेश माझ्याकडून घाईने निघाला. तो मागे घेण्यात येत आहे. प्रकरणी चर्चा करावी.' खाली त्यांच्या सहीसाठी जागा सोडली आणि तिथे पेन्सिलीनं बारीकशी फुली मारली. जावक वहीत क्रमांक टाकला. पोस्टातल्या माणसाला ते पाकीट देण्याआधी मी पत्ता तीनदा तपासला, एवढं मी कबूल करते.

उत्तर थंडी सरता सरता आलं. पोस्टकार्ड होतं. अक्षर तेच ठसठशीत, पण ओळी शेवटी जरा खाली उतरलेल्या. मंगळवार होता आणि आबा माझ्याकडे आलेले होते. अलीकडे ते माझ्याकडे येतात, आणि अभ्यागत नोंदवहीत मंगळवारी त्यांचं नाव मी लिहिते. मी कार्ड वाचून दाखवलं, "आपले पत्र मिळाले. बाब विचाराधीन आहे." खाली सही, आणि नागपूरचा शिक्का. मी ते आवक वहीत चढवलं. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो तसाच ठेवला.

"म्हंजे येनार का नाय?" आबांनी विचारलं.

नदीकाठी वहिनींच्या पुढे चालता चालता भाऊसाहेबांनी त्याचा अर्थ मला सांगितला होता, मनात आहे, पण हातात नाही. तो मला आबांना सांगवेना. मी त्यांच्यासाठी ओट्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बसा आबा, चहा टाकते."